बडोद्यातल्या पालकांनी काढलेली शाळा : वाचन-लेखनात अडखळणाऱ्या मुलांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची शाळा लहान आहे. दांडिया बाजाराजवळच्या एका जुन्या घरात ती भरते आणि ज्यांची मुलं वाचताना, लिहिताना किंवा गणितात अडखळत होती अशा काही पालकांनी मिळून ती काढली आहे. चौकशीला येणाऱ्यांत प्रवेश हवा असलेले आई-बाबा असतात, तसेच सुरत, इंदूर, अहमदाबादकडून ‘आमच्याकडे असं काही सुरू करायचं आहे’ म्हणून विचारणारेही असतात. दोघांचेही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

तुमच्याकडे नेमकी कोणती मुलं येतात?

वाचनात अडचण असली की डिस्लेक्सिया, लेखनात असली की डिसग्राफिया आणि आकडेमोडीत असली की डिसकॅल्क्युलिया म्हणतात. पुष्कळ मुलांत यातल्या दोन गोष्टी एकत्र असतात. सगळ्यांना मिळून सरकारी कागदावर ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ लिहितात, बोलताना सगळे ‘एलडी’ म्हणतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं जे २१ प्रकार मान्य केले त्यांत हा आहे, आणि तो कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला.

या मुलांना गोष्ट सांगितली तर सगळी समजते, तोंडी विचारलं तर उत्तर येतं. तेच कागदावर आलं की हात थांबतो. हा मेंदूतल्या भाषेच्या जडणघडणीतला जन्मजात फरक आहे आणि बरेचदा तो घराण्यात असतो. प्रवेशाच्या वेळी मुलाची हकीकत सांगता सांगता ‘मलाही शाळेत असंच व्हायचं’ असं बाबा अचानक म्हणतात, हे आम्ही पुष्कळदा ऐकलं आहे. चष्मा, डोळ्यांचे व्यायाम, टॉनिक यांनी तो जात नाही. योग्य पद्धतीनं शिकवलं तर मात्र मूल वाचायला शिकतं.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना वेगळ्या प्रकारचं शिक्षण लागतं आणि ते आमच्याकडे नाही. अशा पालकांना आम्ही पहिल्याच भेटीत तसं सांगतो आणि योग्य ठिकाणी पाठवतो.

मूल अजून लहान आहे, काही वर्षं वाट पाहावी का?

पाहू नका. ‘मुलगे उशिराच वाचतात’, ‘तिसरीत आपोआप सुटेल’ असं सांगणारे सगळीकडे भेटतात, आणि त्या वाट पाहण्यात मुलाची उमेद जाते. वार किंवा महिने ओळीनं सांगता न येणं, यमक न जुळणं, दुसरीत आल्यावरही पहिलं अक्षर पाहून पुढचा शब्द ठोकून देणं, फळ्यावरचं उतरवताना ओळी गळणं, एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिणं ही लक्षणं दिसली की आधी डोळे आणि कान तपासून घ्या. तिथे सगळं ठीक निघालं तर असेसमेंट करून घ्या.

मराठी वाचणाऱ्या मुलांच्या बाबतीत एक गोष्ट सुटून जाते. आपली लिपी बरीचशी जशी बोलावी तशी लिहिली जाते, त्यामुळे मूल वाचतं बरोबर, पण फार सावकाश. चुका कमी दिसतात म्हणून कुणाला शंका येत नाही. चार ओळींना पाच मिनिटं लागत असतील आणि शेवटी आपण काय वाचलं हे मुलाला सांगता येत नसेल, तर ती अडचणच समजा.

असेसमेंट कोण करतं? मराठीत होतं का?

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. आधी बुद्धिमापन चाचणी होते, मग वाचन, लेखन, गणित यांच्या चाचण्या. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं तयार केलेला चाचणीसंच आपल्याकडे सर्रास वापरला जातो. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं २०१५ साली ‘डाली’ नावाचा संच आणला. तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. मूल मराठी शाळेत असेल किंवा घरी मराठी वाचत असेल, तर त्या भाषेतही तपासणी करा असं आग्रहानं सांगा. केवळ इंग्रजीत तपासलं, तर इंग्रजी कच्चं आहे की वाचनातच अडचण आहे हे नीट कळत नाही.

सरकारी सर्टिफिकेट घ्यावं का? मुलाच्या नावावर शिक्का बसेल.

घ्यावं. मुलाच्या नावावर ‘आळशी’, ‘ढ’, ‘लक्ष नाही’ हे शिक्के आधीच बसलेले असतात, आणि ते त्यानं स्वतःही खरे मानलेले असतात. या कागदामुळे निदान हक्क तरी मिळतात.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी सरकारी रुग्णालयातलं वैद्यकीय मंडळ करतं आणि त्यातून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मिळतं. २०१८ साली केंद्रानं काढलेल्या सूचनांत आठव्या वर्षी पहिलं सर्टिफिकेट आणि मग १४व्या व १८व्या वर्षी पुन्हा तपासणी असा क्रम आखून दिला होता. बरेचसे लाभ ४० टक्के किंवा त्याहून जास्त अक्षमता असेल तरच मिळतात, म्हणून कागद हातात आला की टक्केवारी नीट वाचा.

परीक्षेत जादा वेळ, म्हणजे तासाला किमान २० मिनिटं, आणि लेखनिक मिळतो. लेखनिकाला इथे सगळे ‘रायटर’च म्हणतात. सरकारी उच्च शिक्षण संस्थांत दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव असतात. एक गैरसमज मात्र दूर करते. राष्ट्रीय न्यासाचा ‘निरामय’ आरोग्य विमा या मुलांना लागू होत नाही. तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारांसाठीच आहे.

शाळेतून सांगतात, घरी मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला. करावं का?

या प्रश्नाचं उत्तर देताना मला शांत राहणं जमत नाही. नाही, अजिबात करू नका.

दोन-तीन भाषा कानावर पडल्यामुळे डिस्लेक्सिया होत नाही, आणि एक भाषा काढून टाकली म्हणून तो बराही होत नाही. होतं ते वेगळंच. आईला जी इंग्रजी जेमतेम येते तिच्यात ती मुलाशी बोलू लागते आणि घरातलं बोलणं आटतं. आजीच्या गोष्टी बंद होतात. ज्या मुलाची सगळी ताकद ऐकण्यात आणि बोलण्यात आहे, त्याच्याकडून शब्दांचा तेवढाच साठा काढून घेतला जातो. वाचन म्हणजे अखेर कानानं ओळखीच्या असलेल्या भाषेला डोळ्यांनी भेटणं. ती भाषाच रोडावली तर भेटायचं कुणाला?

बडोद्यातल्या मराठी मुलावर ओझं आहे ते लिप्यांचं, आणि ते खरोखरच मोठं आहे. घरी देवनागरी, शाळेत रोमन, रस्त्यावर आणि पुस्तकात गुजराती. गुजरातीत शिरोरेघ नाही. क, ज, अ, इ यांची रूपं वेगळी. त्यात गुजराती २ आणि र जवळजवळ सारखेच दिसतात, गुजराती ५ आणि प यांचंही तसंच. सरळ वाचणारं मूलही इथे घटकाभर गोंधळतं, मग आमच्या मुलांचं काय होत असेल? गुजरात सरकारच्या २०२३च्या कायद्यानं पहिली ते आठवी सगळ्या बोर्डांच्या शाळांत गुजराती सक्तीची झाली आहे. मात्र दिव्यांग हक्क कायद्याच्या १७व्या कलमात दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूद आहे. सर्टिफिकेट जोडून मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

म्हणून आमचं सांगणं असं. बोलायला सगळ्या भाषा चालू द्या. गुजरातीत गल्लीत खेळू दे, मराठीत आजोबांशी भांडू दे. वाचायला-लिहायला मात्र एका वेळी एकच लिपी, आणि ती पक्की झाल्यावर दुसरी.

तुमच्याकडे शिकवण्यात वेगळं काय असतं?

अमेरिकेत १९३०च्या दशकात सॅम्युअल ऑर्टन आणि अ‍ॅना गिलिंगहॅम यांच्या कामातून एक पद्धत तयार झाली. आवाज आणि अक्षर यांचं नातं पायरीपायरीनं, गृहीत काहीही न धरता, डोळे, कान, तोंड आणि हात एकाच वेळी वापरून शिकवायचं, हा तिचा गाभा. ती इंग्रजीसाठी होती. मराठीसाठी तिची मांडणी नव्यानं करावी लागते आणि आमचं निम्मं काम तेच आहे.

‘कि’ घ्या. तोंडातून आधी क निघतो आणि मग इ, पण कागदावर वेलांटी आधी येते. ‘सूर्य’मध्ये र ऐकू येतो य च्या आधी, काढला जातो य च्या डोक्यावर. त्याच र ची रूपं चक्र, राष्ट्र, कर्म आणि तऱ्हा या चार शब्दांत चार वेगळी. बहुतेक मुलं हे बघून बघून उचलतात. आमच्या मुलांना प्रत्येक रूप वेगळं, सावकाश, वाळूच्या ताटात बोटानं गिरवत आणि मोठ्यानं म्हणत शिकवावं लागतं. आम्ही मुळाक्षरं क, ख, ग या क्रमानं घेत नाही. घ-ध, भ-म, थ-य, ब-व अशा एकमेकांसारख्या दिसणाऱ्या जोड्या मुद्दाम लांब लांब ठेवतो. एक पक्कं झाल्याशिवाय त्याचं जुळं समोर येत नाही. सहा-सात अक्षरं झाली की त्यांतूनच शब्द करायचे, म्हणजे आठवड्याभरात मुलाला काहीतरी खरं वाचल्याचा आनंद मिळतो.

लिपी हातात घेण्याआधी कान तयार करावे लागतात. त्यासाठी गावांच्या नावांच्या भेंड्यांइतकं चांगलं साधन आम्हाला सापडलेलं नाही. ‘नाशिक’ म्हटल्यावर शेवटचा आवाज पकडून ‘कराड’ शोधायचं, यात शब्द तोडणं, आवाज वेगळा काढणं, लक्षात ठेवणं सगळं येतं. त्याला पेन्सिलही लागत नाही. ज्यांच्या घरी आजी आहे त्यांनी हे काम तिच्याकडे द्यावं.

गणितात मोठा अडथळा आकड्यांच्या नावांचा आहे. ‘सत्तावीस’मध्ये सात आधी ऐकू येतात, म्हणून मूल ७२ लिहितं. गुजरातीतही हीच उलट चाल, इंग्रजीत सुलट. एकोणतीस, एकोणपन्नास यांची तर आणखी वेगळी तऱ्हा. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी जोड दिली तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. आमच्या वर्गात तो वाद कधी झाला नाही. इथे मुलं आधी ‘दोन दहा आणि सात सुटे’ म्हणतात, काड्यांचे गठ्ठे बांधतात, मग ‘वीस सात’ आणि सगळ्यात शेवटी ‘सत्तावीस’. नाव टाकायचं नाही, फक्त अर्थाच्या मागून आणायचं.

हे नेहमीच्या शाळेतच करता येणार नाही का? वेगळी शाळा कशाला?

करता येतं, आणि जिथे होतं तिथून मूल हलवू नका. कायद्याची दिशाही तीच आहे. अशी अडचण लवकर ओळखणं आणि मदत करणं हे शाळांचं कर्तव्य आहे असं दिव्यांग हक्क कायद्याचं १६वं कलम सांगतं. पण वर्गात पन्नास मुलं आणि पूर्ण शाळेला एकही स्पेशल एज्युकेटर नाही, अशा ठिकाणी आमच्या मुलांची वर्षं जात होती. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिकला अशा १० मुलांमागे एक आणि त्यावरच्या वर्गांना १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा असं सांगितलं. ते सगळीकडे प्रत्यक्षात आलं की आमच्यासारख्या शाळांची गरज कमी होईल, आणि व्हावीच.

तोवर मूल आमच्याकडे काही काळ शिकतं आणि परत जातं, अशीच योजना आहे. चेन्नईत मद्रास डिस्लेक्सिया असोसिएशनचं ‘अनन्या’ हे पूर्णवेळ केंद्र याच विचारावर चालतं. मूल कायमचं आमच्याकडे ठेवणं हे आमचं ध्येय कधीच नव्हतं. परत जाताना नव्या वर्गशिक्षिकेला आमच्या बेन, म्हणजे शिक्षिका, जाऊन भेटतात आणि या मुलाला काय चालतं, काय चालत नाही ते समोर बसून सांगतात.

आम्हाला आमच्या गावात अशी शाळा काढायची आहे. सुरुवात कुठून करू?

जागेपासून करू नका. जवळजवळ सगळे जण आधी प्लॉट, भाडं, रंगीत बाकं यांबद्दल विचारतात. सुरुवात एका तयार शिक्षिकेपासून करा, आणि ती मिळेपर्यंत मूल ज्या शाळेत आहे तिथेच असू द्या.

पहिली दोन वर्षं दुपारचं रेमेडियल केंद्र, म्हणजे शाळा सांभाळून अडचणीपुरतं वेगळं शिकवणारं केंद्र, चालवणं सगळ्यांत शहाणपणाचं. मुलाचं नाव नेहमीच्या शाळेच्या पटावर राहतं, तुम्हाला काम शिकायला मिळतं आणि काही फसलं तर मुलाचं वर्ष जात नाही. पूर्णवेळ शाळा करायची ठरली की कायद्याचा भाग येतो. शिक्षण हक्क कायद्याच्या १८व्या कलमाप्रमाणे मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. दंड १ लाख रुपयांपर्यंत आणि त्यानंतरही चालू ठेवली तर दिवसाला १० हजारांपर्यंत आहे. पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं हवं. शिवाय दिव्यांगांसाठीच्या संस्थेला २०१६च्या कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते. या सगळ्याच्या आधी ट्रस्ट हवा. गुजरातेत तो धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवतात. विश्वस्तांत सगळेच पालक नसावेत. आपलं मूल शाळेतून बाहेर पडलं की पालकाचं लक्ष ओसरतं, हा मनुष्यस्वभाव आहे. एखादा निवृत्त मुख्याध्यापक, एक बालरोगतज्ज्ञ आणि हिशेबाला पक्का माणूस हवाच.

शिक्षक कुठून आणायचे?

स्पेशल एज्युकेटरकडे भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी असावीच लागते. विशेष शिक्षणातलं बी.एड. किंवा डिप्लोमा करून ती मिळते. अशा व्यक्ती कमी आहेत आणि त्यांना मागणी खूप आहे. प्रत्येक अशा शिक्षिकेबरोबर आम्ही दोन साध्या शिक्षिका ठेवतो, आणि त्या वर्षभर तिच्या शेजारी बसून शिकतात. त्यांतल्या काहींनी पुढे डिप्लोमा केला. त्यांची फी शाळेनं भरली, आणि शाळेनं खर्च केलेल्या पैशांत हा खर्च मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. आपल्यापैकी ज्या आया रोज मुलाबरोबर बसून हे सगळं अनुभवानं शिकल्या आहेत, त्यांच्यातही उत्तम शिक्षिका असतात. मात्र आपल्याच मुलाच्या वर्गावर त्यांना पाठवू नका.

फी किती? पैसे कसे उभे करता?

फी घराच्या परिस्थितीप्रमाणे ठरते आणि ती बोलून ठरवतो. खर्चाचा फार मोठा वाटा पगारांचा आहे, कारण आमच्या एका वर्गात सहा ते आठच मुलं असतात. देणग्या आयकर कायद्याच्या ८०जीखाली, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळेल अशा, घेतो. इमारतीवर आपलं नाव लावायला देणगीदार लगेच तयार होतात, पगाराला पैसे देणारे शोधावे लागतात. त्यांना वर्गात बसवा. तासभर बसलेला माणूस पगाराचं महत्त्व विसरत नाही.

दहावीचं काय होणार?

नेहमीच्या शाळेत परतलेलं मूल तिथल्याच बोर्डाची परीक्षा सवलती घेऊन देतं. बाकीच्यांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. ती १९८९ साली सुरू झाली, दर्जा इतर बोर्डांच्या बरोबरीचा आहे. पाच विषय लागतात, त्यांत किमान एक भाषा. ती मराठी किंवा गुजरातीही चालते. गणित सक्तीचं नाही. चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एंट्री असे विषय घेता येतात. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, त्यामुळे एका वेळी दोन-दोन विषयही देता येतात. वय १४ पूर्ण हवं. गणित सोडण्याआधी मात्र मुलाला पुढे काय करायचं आहे ते त्याला विचारा. अभियांत्रिकीचं मनात असेल तर सोडू नका.

घरातली मोठी माणसं मानत नाहीत. काय सांगू?

त्यांना इथे घेऊन या. बहुतेक आजोबांना वाटतं की नातवाला धाक कमी पडतो. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. त्यांना आम्ही आरशात दिसणारी अक्षरं डाव्या हातानं फळ्यावरून उतरवायला देतो आणि मध्ये मध्ये घाई करतो. दहा मिनिटांनी ते स्वतःच बोलायला लागतात. आपल्या बडोद्याचा अभिमान त्यांच्या पिढीत खोल आहे, म्हणून एक गोष्ट आम्ही आवर्जून सांगतो. सयाजीरावांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. प्रत्येक मूल शाळेत आलं पाहिजे हे या गावानं इतक्या लवकर मानलं. आलेलं प्रत्येक मूल शिकलंही पाहिजे, हा त्याचाच पुढचा भाग आहे.

पहिल्या भेटीला काय आणायचं?

असेसमेंटचा रिपोर्ट असेल तर तो, नसेल तर नसू दे. गेल्या दोन वर्षांच्या शाळेच्या वह्या आणा, ट्युशनच्या नकोत, आणि खाडाखोड असलेल्याही आणा. मुलाला जे मनापासून करायला आवडतं, मग ते चित्र असो, पतंग असो की स्क्रू काढून ठेवलेलं खेळणं, ते बरोबर घ्या. मुलाला ‘डॉक्टरकडे जायचं आहे’ असं सांगू नका. शाळा बघायला जायचं आहे असं खरं सांगा. आई-बाबा दोघांनी यावं. भेटीतला पहिला अर्धा तास आम्ही फक्त मुलाशी बोलतो, त्या वेळी तुम्ही बाहेरच्या ओसरीवर बसायचं.